सुखीबाईचा फेटिया

रुपया मजबूत झाला त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले. आणले अर्थातच आमच्या मधुसूदनरावांनी. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस तेवढा घरी आला आणि जीव बँकेतच राहिला. सकाळी पेपर उघडला की आधी डॉलरचा भाव, मग निधनवार्ता, मग मी कधीचा ठेवलेला चहा. २०१७ चा मार्च संपत आला होता आणि दारव्ह्यात ऊन चटके देऊ लागलं होतं.

"कुंदा, डॉलर पासष्टच्या आत आला. जानेवारीत अडुसष्ट होता. देश पुढे चाललाय," असं म्हणत ते पुडा घेऊन थेट पुढच्या खोल्यांत गेले.

पुढच्या दोन खोल्या आणि पडवी आम्ही राजदीपला भाड्याने दिली होती. राजदीप जवळच्याच बोरी अरब गावचा. नागपुरात शिकला, दोन वर्षं कुठल्याशा कापडाच्या कंपनीत राबला आणि मग परत येऊन त्याने इथे स्वतःचं काम काढलं. तांड्यावरच्या बंजारा बाया यायच्या, आरसे-कवड्या लावून पिशव्या आणि उशांचे अभ्रे भरतकामाने भरायच्या. माल अमेरिकेतल्या एका कंपनीला जायचा. बौद्धाच्या मुलाला खोल्या दिल्या म्हणून आमच्या आळीत दोन-चार भुवया वर गेल्या होत्या. गेल्या तर गेल्या. भुवया काही भाडं देत नाहीत. त्याने भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, बायांनी शेजारी त्यांच्या सेवालाल महाराजांचा लावला, आणि घरात पुन्हा माणसांचा आवाज आला म्हणून मी खूश होते.

राजदीपने मोठ्यांनी दिलेला पेढा गुमान तोंडात टाकला. गिळून झाल्यावर म्हणाला, "काका, पेढा गोड हाये. पण आपली वाट लागून राह्यली."

मधुसूदनराव हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पैशातलं मला फार कळत नाही, पण हे कळलं. मालाचा भाव जानेवारीतच वर्षभरासाठी डॉलरमध्ये ठरला होता. अमेरिकेहून डॉलर तेवढेच येणार, इथे मात्र त्यांचे रुपये कमी होणार. बायांची मजुरी, दोरा, कापड, सगळं रुपयात. माल तोच, मेहनत तीच, आणि कुणी काही चोरलेलं नसताना पेटी हलकी. ज्याचं सामान बाहेरून येतं त्याला मजबूत रुपया फळतो, ज्याचं बाहेर जातं त्याला तो खातो. पेट्रोल भरणारे खूश, राजदीप गप्प.

यावर उपाय होता आणि तो मधुसूदनरावांनीच हाणून पाडला होता. बँकेत पुढे येणारे डॉलर आजच्याच भावाने आधी विकून ठेवता येतात. जानेवारीत राजदीप ते विचारायला आला होता. आमचे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "माझ्या नोकरीत मी रुपया पडतानाच पाहिला. तो पडतोच. उगाच बँकेला कशाला पैसे देतोस? उलट कंपनीला सांग, पैसे सावकाश द्या. जितका उशीर तितका भाव."

राजदीपला हे पटायला काहीच हरकत नव्हती. तो कापसाच्या मुलखातला. त्याच्या बापाने, आज्याने, गावातल्या प्रत्येकाने हेच केलेलं. कापूस वेचायचा, घरात छतापर्यंत भरायचा, अंगाला खाज सुटेपर्यंत त्याच्याजवळ झोपायचं आणि भाव वाढायची वाट पाहायची. विकायची घाई करणारा तो येडा. त्याने अमेरिकेला कळवून टाकलं, घाई नाही, तीन-चार महिन्यांनी द्या. तिकडच्यांना आश्चर्यच वाटलं असेल. असा भला विक्रेता त्यांना दुसरा कुठे मिळणार?

पैसे आले ते पावसाळ्यात. डॉलर तोवर चौसष्टवर उतरला होता.

आता सुखीबाईबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

सुखीबाई त्या सगळ्या बायांची म्होरकी. साठीच्या पुढची, हाडकुळी, तोंडाने फटकळ. काम सुरू करायच्या आधी तिने राजदीपला एक अट घातली होती, माझ्यासमोर. पूर्वी तांड्यावर भांडेवाले यायचे. स्टीलची पातेली द्यायचे आणि बायांच्या पेट्यांतले जुने भरतकामाचे कपडे न्यायचे. बायांना वाटायचं, नव्या साड्या आल्या, आता हे जड घागरे कोण नेसतं? पुढे एकदा सुखीबाई नागपूरच्या प्रदर्शनात गेली आणि तिथे एका पर्सवर तिला स्वतःच्या मावशीचा हात दिसला. टाका ओळखू आला. मावशीचा फेटिया, म्हणजे घागरा, चार पर्सांत कापलेला होता.

"जुनं कापाचं नाई," ती राजदीपला म्हणाली होती. "नवं भरू, दिवसभर भरू. पन जुन्याले कैची लावशीन तर मी या उंबऱ्यात पाय ठेवनार नाई."

राजदीपने शब्द दिला. तो त्याला जड गेला नाही, कारण त्याचीही तीच जिद्द होती. जुनं विकून खाणारे पुष्कळ आहेत, आपण बायांना कामाचे पैसे देऊ, असं तो म्हणायचा.

सुखीबाईचा स्वतःचा फेटिया मात्र भांडेवाल्यांच्या हाती लागला नव्हता. तिच्या लग्नासाठी तिच्या याडीने, म्हणजे आईने, तो भरला होता. लाल जाड कापड, खऱ्या काचेचे आरसे, आणि टाके इतके दाट की खालचं कापड शोधावं लागे. नवीन काम आलं की ती तो पेटीतून आणायची आणि पडवीतल्या तारेवर टांगायची. या बायांकडे नमुन्याची पुस्तकं नव्हती. एखादीचं बोट अडलं की ती उठायची, फेटियाजवळ जायची, नखाने टाके मोजायची आणि परत येऊन बसायची. सुखीबाईची सून झमकू तर त्याच्याखालीच बसायची. पोरीचा हात सासूसारखाच होता.

झमकू आणि तिचा नवरा लालसिंग आधी ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. शेवटच्या खेपेला झमकू पोटातलं मूल उसाच्या फडातच गमावून आली. मोळी डोक्यावर होती तेव्हाच. त्यानंतर सुखीबाईने तिला राजदीपकडे आणून बसवलं होतं आणि सांगितलं होतं, आता ऊस नाही. त्या पावसाळ्यात झमकूला पुन्हा दिवस गेले.

आणि त्याच पावसाळ्यात राजदीपचं काम आटू लागलं. जुलैत नवा कर आला. दोऱ्या-कापडावर आधी कर भरा, माल बाहेर गेला की परत मागा. मागितला, पण परत काही येईना. ऑक्टोबरपासून निर्यातदाराला मिळणारी सवलतही खाली येणार अशी कुणकुण लागली, आणि ती खरी निघाली. रुपया वर आणि सरकारचा हात आखडता. मधुसूदनराव अजून म्हणत होते, "रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेईल. रुपया इतका वर जाऊ देणार नाही. थांब."

"काका, मी थांबतो," राजदीप म्हणाला. "बायांचं पोट थांबत नाई."

आठवड्याचं काम तीन दिवसांवर आलं.

सप्टेंबरात यवतमाळला निर्यातदारांचा मेळावा झाला. मुंबईहून कुणी मोठे साहेब येणार होते. जिल्ह्यात निर्यातदार असे कितीसे, म्हणून राजदीपला आग्रहाचं बोलावणं, आणि सोबत पाहुण्यांच्या स्वागताला बंजारा बाया पारंपरिक वेशात घेऊन या, असा निरोप. बाकीच्यांकडे वेश होताच कुठे? सुखीबाईने तिचा फेटिया नेसला. मीही गेले होते, जीपमध्ये तिच्या शेजारी बसून. वाटभर तिचे आरसे माझ्या चष्म्यावर ऊन मारत होते आणि ती म्हणत होती, "मास्तरीणबाई, लगनानंतर पयल्यांदा इतकी नटली."

साहेबांचं भाषण चांगलं होतं, ते मी नाकारणार नाही. मजबूत रुपयामुळे तेल स्वस्त पडतं, महागाई आटोक्यात राहते, परदेशी पैसा देशात येतो. निर्यातदारांनी कमकुवत रुपयाच्या कुबड्या टाकून द्याव्यात, दर्जा वाढवावा, किंमत वाढवावी. टाळ्या पडल्या. राजदीप उभा राहिला.

"साहेब, किंमत मी नाई ठरवत. तिथं दुसऱ्या देशायचाही माल येते. त्यायचा पैसा आपल्याएवढा वधारला नाई. मी दोन डॉलर जास्त मागतले तर ते त्यायच्याकडे जातीन. मंग मी दर्जा कोनाले दाखवू?"

साहेब हसले, वाईट हसले नाहीत. म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. निवेदन द्या." मग ते खाली उतरले आणि त्यांनी सुखीबाईसोबत फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. साहेब अर्धे, फेटिया पुरा.

राजदीपने तोच फोटो अमेरिकेला पाठवला. त्याला वाटलं, ही बाई, हे काम, हे पाहून तरी भाव थोडा वाढवतील. उत्तर दोन दिवसांत आलं. भाव वाढवता येणार नाही, उलट पुढच्या वर्षी नव्या मालाचं काम कमीच करू. मात्र फोटोतलं ते जुनं कापड मिळेल का? त्याच्या उशा करून दिल्या तर तिप्पट देऊ. हवं तेवढं घेऊ.

त्याने ते मला वाचून दाखवलं आणि मोबाइल खिशात ठेवला. "सुखीबाईले सांगू नका," म्हणाला.

मी सांगितलं नाही. पण पडवीत भिंती कुठे होत्या? झमकूने ऐकलं होतं.

दिवाळी झाली आणि तांड्यावर मुकादम आला. काम तीन दिवसांवरून दोनावर आलं होतं. लालसिंगने ऊसतोडीची उचल घेतली, आणि उचल जोडप्याने घ्यायची असते. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. झमकूला पाचवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखीबाई आली ती पेटी डोक्यावर घेऊन. पडवीत उतरवली, उघडली, फेटिया बाहेर काढला, मागोमाग कांचळी, म्हणजे चोळी काढली, ओढणी काढली, आणि सगळं राजदीपच्या कापायच्या टेबलावर ठेवलं.

"काप," म्हणाली.

राजदीप उठून उभा राहिला. "याडी, हे नाई होनार."

तो तिला नेहमी सुखीबाई म्हणायचा. याडी म्हणाला तो त्याच दिवशी.

"मुकादमाची उचल वापस कराची हाये. येकदा वापस केली का पोरगी घरी राहीन."

"मी शब्द देल्ला होता तुमाले."

"देल्ला होता. मीनंच मांगतला होता, मीच सोडून राह्यली. तू मोकळा."

"कुठून तरी पाहू. काका बँकेत बोलतीन."

"काका तर थांब म्हनतात," ती म्हणाली. "पोट थांबते का पाचव्या महिन्यात?"

मधुसूदनराव दारातच उभे होते. ते आत निघून गेले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

राजदीपने कैची उचलली. कापड टेबलावर पसरलं. रोज डझनांनी कापणारा तो मुलगा, पण कैचीचं तोंड उघडेना. शेवटी सुखीबाईने त्याच्या हातातून ती घेतली. आधी तिने शिवणी उसवल्या, आईने जिथे जोडलं होतं तिथे टोकाने एकेक टाका सोडवत, हळूहळू. तोवर मला वाटलं, हे बघवेल. पण उशीला चौकोन लागतो आणि घागऱ्याला घेर असतो. उसवून झाल्यावर आडवं कापावंच लागलं. एका ठिकाणी कैची आरशावर गेली. काच फुटली आणि ती म्हणाली, "हे याडीनं मह्या कमरेवर लावलं होतं." पुढे कापत राहिली.

मी रडले. लपवायचं काय त्यात? झमकू मात्र रडली नाही. ती पडवीच्या टोकाला, रिकाम्या तारेखाली बसून होती, आणि सासू कापत होती तिकडे तिने पाठ केली होती.

उशांचे आगाऊ पैसे आले आणि मुकादमाची उचल परत गेली. लालसिंगने गावातच मिळेल ते काम धरलं आणि झमकू घरी राहिली. फाल्गुनात तिला मुलगी झाली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी सुखीबाईला नावं ठेवली. म्हणाले, आईचा घागरा विकून खाल्ला. खाल्ला नाही. त्याची एक नात झाली.

पण एकदा कैची लागली की ती थांबत नाही. अमेरिकेहून आणखी मागणी आली. जुनं कापड पाहिजे, नवं नको. राजदीप तांड्यातांड्यांतून फिरला, दिग्रसकडे गेला, पुसदकडे गेला. भांडेवाल्यांच्या हातून जे सुटलं होतं ते त्याने गोळा केलं. पातेली न देता रोख पैसे दिले, एवढाच फरक. तो मला स्वतःच म्हणाला, "काकू, मी काय म्हनत होतो अन् काय करून राह्यलो." बाया आता भरत नव्हत्या, उसवत होत्या. उसवायला कितीशा बाया लागतात? एकेक जण यायची थांबली.

उन्हाळ्यात जुनं संपलं. जुनं ते असणार तरी किती? ते कुठे कारखान्यात होतं? राजदीपने खोल्या सोडल्या, टेबल विकलं. बाबासाहेबांचा फोटो काढताना सेवालाल महाराजांचा कुणाकडे द्यायचा असा प्रश्न पडला, तर मी म्हटलं, राहू दे इथेच. तो अजून तिथे आहे. राजदीप पुण्याला एका गोदामात लागला.

आणि मग रुपया पडला.

२०१८ चा तो पावसाळा. डॉलर सत्तरच्या वर गेला, मग बहात्तर, मग आणखी. मधुसूदनराव पेपर हातात धरून म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? पडतोच." मी चहाचा कप त्यांच्यासमोर आपटला. अर्धा चहा डॉलरच्या भावावर सांडला. त्या दिवसापासून ते भाव मोठ्याने वाचत नाहीत.

अमेरिकेच्या कंपनीला आता नवा माल पाहिजे होता. त्याच डॉलरचे राजदीपला आता जास्त रुपये मिळाले असते. तो पुण्याहून आला, सुखीबाईकडे गेला, मीही सोबत गेले. तांड्यावर निम्म्या घरांना कुलपं लागायची तयारी चालू होती. झमकू सामान बांधत होती. मुकादमाची उचल घेऊन झाली होती, या खेपेला पोरीला कडेवर घेऊन. राजदीपने तिला थांब म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "भाऊ, तुमचा भाव पुढच्या वर्साले कोन्या बाजूनं जाईन, सांगता का?" मुकादमाचा भाव तिला ठाऊक होता.

सुखीबाईने सुई-दोरा घेतला आणि बसली. थोडा वेळ भरलं, मग थांबली. कमरेच्या पट्टीवर आरशांच्या मधे किती टाके यायचे ते तिला आठवेना. तिने मान वर करून पाहिलं. पडवीत तार असायची तिथे पाहावं तसं. इथे तार नव्हती, काही टांगलेलंही नव्हतं. तिने सुई कापडात खोचली आणि कापड घडी करून राजदीपला परत दिलं.

दिवाळी होताच यवतमाळला पुन्हा मेळावा झाला. साहेब नवे होते. या वेळी भाषणात रुपयाच्या घसरणीने निर्यातदारांना कशी संधी आहे ते होतं. पेपरातला जुना फोटो कुणाच्या तरी लक्षात होता, त्यामुळे सुखीबाईला बोलावणं आलं. गाडी पाठवतो म्हणाले. ती एकटी कशी जाईल म्हणून मी गेले. ती साध्या नायलॉनच्या साडीत होती. मांडवाच्या मागे एक तरुण आयोजक धावत आला, तिला पाहून त्याचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. त्यांनी सोय केलेली होती. नागपूरच्या नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून वेश भाड्याने आणले होते. लाल चकचकीत कापड, छापलेली नक्षी, चिकटवलेले प्लॅस्टिकचे आरसे, कमरेला नाडीऐवजी इलास्टिक. सगळे एका मापाचे.

त्या पोराने तिच्या साडीवरूनच त्यातला एक घागरा चढवायला लावला. तिनेही नाही म्हटलं नाही. बाहेर ढोल सुरू झाला होता. तिने सवयीने घेर वर उचलला, उलटा केला आणि मागच्या बाजूने टाके पाहू लागली. मागे काहीच नव्हतं. पांढरं अस्तर होतं फक्त. तिने नखाने एक आरसा हलवून पाहिला, तो तिच्या हातात आला, आणि तो तळहातावर ठेवून तिने मला विचारलं,

"मास्तरीणबाई, हे कोनाच्या याडीचं हाये?"

"कुणाच्याच नाही," मी म्हटलं. "भाड्याचं आहे."

तिने मान हलवली, तो आरसा मुठीत धरला आणि पाहुण्यांच्या स्वागताला बाहेर गेली.